चामखीळ काढायची आहे? आधी ती चामखीळच आहे ना, ते बघा

आमच्या ऐरोलीच्या घरात चामखिळींनी पावणेदोन वर्षं मुक्काम केला. आधी मुलीच्या टाचेवर एक, मग तिच्याच हाताच्या अंगठ्याच्या नखाशेजारी दुसरी, आणि त्यानंतर नवऱ्याच्या हनुवटीवर बारीक बारीक पंधरा-वीस. पहिले सात महिने तर आम्ही टाचेवरच्या चामखिळीला कुरूप समजत होतो. सासूबाईंनी बिब्बा सुचवला, मेडिकलवाल्याने कॉर्न कॅप दिल्या आणि मी रोज रात्री वज्रीने घासत बसले. बाथरूममधली तीच वज्री घरात सगळे वापरत होते, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मी डॉक्टर नाही. पण या काळात दोन खासगी दवाखाने, एक सरकारी ओपीडी आणि चार तऱ्हेचे उपचार जवळून पाहिले. नव्याने या भानगडीत पडणाऱ्याला जे पहिल्या आठवड्यातच कळायला हवं, ते क्रमाने लिहिते.

पायरी १: ओळख पटवा

आपल्याकडे ‘चामखीळ’ या एका शब्दात निदान तीन गोष्टी कोंबल्या आहेत. मानेवर, काखेत मऊ, देठाला लोंबल्यासारखे दिसतात ते स्किन टॅग. काही घरांत त्यांना मस म्हणतात. त्यांचा विषाणूशी संबंध नाही, ते एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. दुसरी ती खरी चामखीळ: खरखरीत, वरून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी. ही ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होते. या विषाणूचे २०० हून जास्त प्रकार आहेत. हातावरची करणारे वेगळे, तळपायाची करणारे वेगळे. तिसरं म्हणजे मोलस्कम. लहान मुलांच्या पोटावर, काखेत मोत्यासारखे गुळगुळीत दाणे येतात आणि प्रत्येकाच्या मध्ये एक बारीक खळगी असते. तोही विषाणूच, पण देवीच्या विषाणूच्या कुळातला. आणि तळपायावर या सगळ्यांच्या जोडीला कुरूप किंवा भोवरी असते, जी फक्त दाबाने आणि घर्षणाने होते.

तळपायावर काय आहे ते ओळखायच्या दोन खुणा मला डॉक्टरांनी दाखवल्या. जागेवर अंगठ्याने सरळ दाबलं की जास्त दुखतं ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबलं की कळ येते ती बहुधा चामखीळ. दुसरी खूण रेषांची. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. कुरूपावरून त्या तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी मात्र त्या तुटतात आणि वळसा घालून जातात.

मुलीच्या बाबतीत उरलेली शंका ब्लेडने फिटली. डॉक्टरांनी टाच स्पिरिटने पुसली आणि वरचा पिवळट टणक थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा हळूहळू तासला. तिला काही दुखलं नाही, ती मोबाइल बघत होती. तिसऱ्या-चौथ्या थराखाली खसखशीएवढे काळे ठिपके दिसायला लागले आणि पुढच्या थराला त्यातल्या दोन ठिपक्यांतून टाचणीच्या टोकाएवढं रक्त आलं. ‘‘ही कुरूप नाही,’’ एवढंच म्हणून त्यांनी हात धुतले.

ते काळे ठिपके म्हणजे ‘मुळं’ नव्हेत. त्या रक्त साकळलेल्या केशवाहिन्या असतात. चामखिळीला मूळच नसतं. ती कातडीच्या वरच्या थरातच वाढते. त्यामुळे घरी ब्लेडने किंवा नेलकटरने ‘मुळापासून’ उपटायला जाऊ नका. त्यात फक्त रक्त निघतं आणि विषाणू शेजारच्या कातडीत पेरला जातो. आमच्या मुलीच्या अंगठ्यावरची चामखीळ अशीच आली असणार, कारण टाच खरवडायची तिला सवयच लागली होती.

एक मात्र आधीच सांगते. काळपट डागाचा रंग किंवा कडा बदलत असेल, आपोआप रक्त येत असेल, गाठ झपाट्याने वाढत असेल, किंवा उतारवयात नवीनच काही उगवलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काही वेळा बायोप्सी करावी लागते.

पायरी २: घाई खरंच आहे का, ते ठरवा

चामखिळीवर विषाणू मारणारं औषध नाही. जे उपचार आहेत, ते एक तर बाधित कातडी नष्ट करतात (जाळून, गोठवून, ॲसिडने) किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीला डिवचून जागं करतात. शेवटचं काम शरीरच करतं. लहान मुलांमध्ये तर काहीच केलं नाही तरी दोन वर्षांत साधारण दोनतृतीयांश चामखिळी आपणहून जातात. मोठ्यांच्या जास्त चिवट असतात.

आजीने बांधलेला घोड्याचा केस, शेजारणीने दिलेल्या थुजाच्या गोळ्या, लसूण चोळणं या सगळ्यांना यश येतं ते बऱ्याचदा याच हिशेबातून. जी चामखीळ जाणारच होती, ती जाते आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. गोळ्यांनी नुकसान तरी नाही. पण चुना-सोडा, रुईचा चीक आणि बिब्बा यांच्या वाटेला जाऊ नका. बिब्ब्याचं तेल लागलं की चामखिळीपेक्षा चौपट मोठी जागा फोडांनी भरते, आणि सावळ्या कातडीवर तो डाग महिनोन् महिने राहतो. सासूबाईंना हे समजावणं हा सगळ्या उपचारांतला अवघड भाग होता.

मग उपचार करायचा कधी? दुखत असेल, पसरत असेल, चेहऱ्यावर-हातावर असल्यामुळे लाज वाटत असेल, किंवा मधुमेहामुळे, एखाद्या औषधामुळे, आजारामुळे प्रतिकारशक्ती कमी असेल तेव्हा. नाही तर महिना-दोन महिने नुसतं लक्ष ठेवणं हासुद्धा निर्णयच आहे.

पायरी ३: पेंटपासून सुरुवात

हाता-पायाच्या साध्या चामखिळीला पहिलं औषध म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. मेडिकलमध्ये छोट्या बाटलीत, झाकणाला ब्रश लावलेलं मिळतं. बहुतेकांत सॅलिसिलिक ॲसिड साधारण १७ टक्के आणि जोडीला लॅक्टिक ॲसिड असतं. सगळे त्याला पेंटच म्हणतात. स्वस्त आहे, पण चिकाटी मागतं, आणि आपलं घोडं तिथेच अडतं.

रोज रात्री असं करायचं: पाय किंवा बोट कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. मऊ झालेला पांढरट थर एमरी बोर्डने, म्हणजे नखं घासायच्या कागदी पट्टीने, हलकेच घासायचा. ती पट्टी फक्त त्या चामखिळीसाठी. नखांना लावायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, काही दिवसांनी फेकायची. वज्री तर मुळीच नाही. आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पेट्रोलियम जेलीचं कडं करायचं, शेताला बांध घालतात तसं. मग पेंटचा एक थेंब बरोबर मधोमध, तो सुकू द्यायचा, वर चिकटपट्टी. आग व्हायला लागली, कातडी सोलवटली, तर दोन-तीन दिवस थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

हे १२ आठवड्यांपर्यंत करायचं असतं. बारा दिवस नव्हे. मी पहिल्यांदा तिसऱ्या आठवड्यात कंटाळून बाटली फ्रीजवर ठेवून दिली होती, आणि ‘काही उपयोग नाही’ असं चार जणींना सांगितलंही होतं.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर घरी ॲसिड लावू नका. गरोदर असाल किंवा मूल अगदी लहान असेल तर आधी विचारा. चेहरा आणि गुप्तांग यांवर हा पेंट कधीच नाही.

चिकटपट्टीवरून आठवलं. नुसती डक्ट टेप लावून चामखीळ जाते, असं इंटरनेटवर ठिकठिकाणी वाचाल. २००२ च्या एका अभ्यासात तिला छान यश मिळालं होतं, पण नंतरच्या अभ्यासांत तेवढा फरक दिसला नाही. लावली तर बिघडत नाही, एवढंच.

पायरी ४: डॉक्टर कुठे आणि कसे शोधायचे

ठाणे आणि नवी मुंबईत ‘तीळ, मस, चामखीळ एका मिनिटात काढून मिळेल’ अशा पाट्या स्टेशनबाहेर जागोजागी दिसतात. त्यातल्या काही पार्लरच्या आहेत. काढणाऱ्याची पदवी बघा: एमबीबीएसनंतर त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो. नसेल तर विचारायला संकोच नको. निदान न करता थेट मशीन हातात घेणाऱ्याकडून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्चाची चिंता असेल तर वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं बघा. ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ऐरोली-दिघ्याकडच्या लोकांना विटाव्यावरून रिक्षाने ते जवळ पडतं. नवी मुंबईत नेरूळला डी. वाय. पाटील, पुढे कामोठ्याला एमजीएम. अशा ठिकाणी त्वचारोगाची ओपीडी असते, पण केस पेपर सकाळीच काढावा लागतो आणि छोट्या शस्त्रक्रियांचा, म्हणजे ‘प्रोसिजर’चा दिवस अनेकदा ओपीडीच्या दिवसाहून वेगळा असतो. फोन करून किंवा खिडकीवर दोन्ही दिवस विचारून घ्या. आम्ही गेलो त्या सरकारी ओपीडीत पहिल्या दिवशी तपासणी झाली आणि ‘गुरुवारी या’ म्हणून परत पाठवलं. मुलीची चाचणी परीक्षा बुडाली ती बुडालीच. पण तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने जेवढा वेळ देऊन समजावलं, तेवढा खासगीत कोणी दिला नाही, हेही लिहायला हवं.

खासगीत जाण्याआधी फोनवर तीन प्रश्न विचारा. पैसे दर चामखिळीचे की दर सिटिंगचे? परत आली तर पुढच्या सिटिंगचे वेगळे पडतील का? बर्फाची ट्रीटमेंट (चामखीळ द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं) तुमच्याकडे आहे का, आणि कोणत्या वारी? हा नायट्रोजन उडून जातो, त्यामुळे काही ठिकाणी तो ठरावीक दिवशीच आणतात. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. ओपीडीतली असली कामं साध्या पॉलिसीत सहसा बसत नाहीत.

पायरी ५: क्लिनिकमध्ये काय काय करतात

बर्फ, म्हणजे क्रायोथेरपी. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला असतो. थर्मासच्या बाटलीसारख्या गनमधून तो फवारतात किंवा कापसाच्या बोळ्याने लावतात. मुलीच्या टाचेवर फवारा सुरू झाला तेव्हा ‘फुस्स’ आवाज, पांढरी वाफ, आणि बघता बघता चामखीळ खडूसारखी पांढरी पडली. पांढरेपणा कडेच्या कातडीवर दोनेक मिलिमीटर पसरेपर्यंत त्यांनी फवारा धरला, मग थांबले, रंग पूर्ववत होऊ दिला आणि पुन्हा एकदा तेच केलं. प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंदांचं काम. ती ‘‘चटका बसतोय’’ म्हणाली, मग ‘‘ठणकतंय’’ म्हणाली. ठणका रात्रीपर्यंत राहिला. दुसऱ्या दिवशी फोड आला, आत थोडं रक्त साकळलेलं. हे अपेक्षितच असतं. दर दोन-तीन आठवड्यांनी असं करतात आणि तीन-चार सिटिंग लागतात. सावळ्या कातडीवर नंतर पांढरट किंवा काळसर डाग राहू शकतो, म्हणून चेहऱ्यावर जपून. बोटांच्या कडांना खालून नस जाते, तिथेही डॉक्टर हात राखून फवारतात.

बर्फ पेंटपेक्षा फार वरचढ असेल असं मला वाटत होतं. २०११ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत तळपायाच्या चामखिळी असलेल्या २४० जणांपैकी अर्ध्यांना बर्फ आणि अर्ध्यांना ५० टक्क्यांचं सॅलिसिलिक ॲसिड दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले होते साधारण १४ टक्के. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. तळपायाची चामखीळ हटवादी असते, एका सिटिंगला गेली नाही म्हणजे डॉक्टर वाईट असं नाही, एवढं त्यातून घ्या. आमच्याकडे दोन्ही एकत्र चाललं: बर्फ, आणि फोड बरा झाला की मधल्या दिवसांत पेंट.

करंट, म्हणजे कॉटरी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात (खरं दुखणं तेवढंच), मग चामखीळ जाळून खरवडून काढतात. केस जळल्यासारखा वास येतो. त्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात, म्हणून डॉक्टर मास्क लावतात आणि चांगल्या ठिकाणी धूर ओढून घेणारी नळी असते. एका बैठकीत काम होतं, म्हणून लोकांचा ओढा इकडे. पण तळपायावर व्रण राहिला तर तो चामखिळीपेक्षा जास्त टोचतो. नखाच्या बुडाशी जाळलं तर नख वाकडं उगवू शकतं. आणि परत येण्याची शक्यता इथेही असतेच. पेसमेकर असेल किंवा जखमेवर उठावदार व्रण येण्याची सवय असेल, तर आधी सांगा. लेसरचं गणितही साधारण असंच, फक्त बिल मोठं.

इंजेक्शन हा सगळ्यांत गमतीचा प्रकार. खूप चामखिळी असतील किंवा हट्टी असतील, तर त्यातल्या सगळ्यांत मोठीत औषध टोचतात: कधी एमएमआर ही गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, कधी जीवनसत्त्व डी३. एचपीव्ही वरच्या थरात लपून बसतो, शरीराच्या पहारेकऱ्यांना तो दिसतच नाही. लस ओळखीची असल्यामुळे तिच्या मागे पहारेकरी धावत येतात आणि तिथे आल्यावर त्यांना खरा चोर सापडतो. लागू पडलं, तर टाचेत टोचलेलं असताना हाताच्या चामखिळीही झडतात! दर दोन ते चार आठवड्यांनी, चार-पाच वेळा. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ हा उपाय बराच वापरतात. सूज आणि ठणका येतो, एखाद्याला तापही. गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती फार कमी असताना एमएमआर देत नाहीत, कारण ती जिवंत विषाणूंची लस आहे.

मुलीची टाच चार वेळा बर्फ करूनही जाईना, तेव्हा डी३ टोचलं. दुसऱ्या इंजेक्शननंतर टाच काळी पडली, तिसऱ्यानंतर खपली निघाली. अंगठ्यावरची न टोचता गेली. ती कशामुळे गेली, इंजेक्शनने की आपणहून, हे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि मीही सांगत नाही.

नवऱ्याची हनुवटी ही वेगळीच कथा. त्या चपट्या, कातडीच्या रंगाच्या चामखिळी होत्या, एका सरळ रेषेत. वस्तरा फिरतो त्या रेषेत. दाढी करताना बारीक ओरखडे पडतात आणि विषाणू त्यातून पुढे पुढे पेरला जातो. थ्रेडिंग-वॅक्सिंगनेही तेच होतं. मी मुलीला ‘‘तुझ्यामुळे बाबांना झालं’’ म्हणून बोलले होते. डॉक्टर म्हणाले, या चपट्या करणारे विषाणू बहुधा वेगळे असतात. तेव्हा तिची माफी मागावी लागली. उपाय: महिनाभर वस्तरा बंद, ट्रिमर सुरू, रात्री ट्रेटिनॉइन मलम. ऑफिसात ‘साधू झालास का’ हे ऐकून घेतलं.

मोलस्कमला मात्र बर्फ-करंटची घाई करू नका. निरोगी मुलांचे दाणे सहा महिने ते दीड-दोन वर्षांत जातात. फार झाले तर डॉक्टर सुईने टिचकवून आतला पांढरा कण काढतात किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी लावायला देतात.

गुप्तांगावरची चामखीळ बहुतांशी एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होते, आणि हे प्रकार कर्करोगाचे नव्हेत. तरी घरी काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जा, जोडीदारालाही दाखवा. गरोदर असाल तर पहिल्या वाक्यातच सांगा, कारण पोडोफायलीनसारखी औषधं तेव्हा चालत नाहीत. एचपीव्हीची लस (पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर आहे) पुढची लागण टाळते. असलेली चामखीळ घालवत नाही.

पायरी ६: नंतरचे पंधरा दिवस

फोड फोडू नका. फार ताणला आणि चालवेना तर डॉक्टरांकडून निर्जंतुक सुईने पाणी काढून घ्या, वरची कातडी तशीच राहू द्या. साबण-पाण्याने धुवा, कोरडं करा, सांगितलेलं मलम लावा. लाली पसरली, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. उघड्या भागावर जागा भरली की सनस्क्रीन, नाही तर डाग काळा पडतो.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बूट-मोजे ओलेच असतात. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये उभं राहून ठाणं गाठेपर्यंत पाय पाण्यात भिजल्यासारखा सुरकुततो. अशा कातडीत विषाणू सहज शिरतो आणि जखमही लवकर भरत नाही. पायाचं काम शक्यतो दिवाळीनंतर करा. गणपतीला कोकणात जायचं असेल तर त्याआधीच्या आठवड्यात तर नकोच. आणि नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालण्याचा नेम असेल, तर यंदा डॉक्टरांना विचारून घ्या. चिकटपट्टी लावलेला पाय रस्त्यावर टेकवणं तुम्हालाही नको आणि मागून येणाऱ्यालाही.

घरात टॉवेल वेगळा, वज्री वेगळी, पोहायला गेल्यावर शॉवरपर्यंत चप्पल. चामखीळ झाकली असेल तर मुलांचं पोहणं बंद करायची गरज नाही.

गेली हे कसं ओळखायचं? खपली पडली म्हणजे गेली असं नाही. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी टाच भिंगाखाली धरली आणि मला वाकून बघायला लावलं. काळा ठिपका एकही नव्हता आणि रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या होत्या, वळसा न घालता. पुढचे तीन महिने दर रविवारी नखं कापताना मोबाइलचा टॉर्च लावून तेवढंच बघायला सांगितलं. ठिपका दिसला तर त्याच रात्री पेंट. बाटली अजून फ्रीजवरच आहे.